आईला बरं नसंल, बाई

२०१९ साली दुसरीची नवी पाठ्यपुस्तकं आली, तेव्हा त्यांतल्या चित्रांची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली होती. एका चित्रात बाई आणि पुरुष मिळून भाजी निवडत होते, कुठे बाई डॉक्टर होती, कुठे वाहतूक पोलीस. मी भाजीचं चित्र वर्गात उघडलं आणि विचारलं, ‘इथं काय चाललंय?’

‘भाजी निवडत्यात.’

‘कोण?’

‘आई आन् बाप.’

मग एका मुलीनं चित्र जरा निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘आईला बरं नसंल, बाई.’

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. कारण सापडलं होतं. पुस्तक काढणाऱ्यांनी विचारपूर्वक चित्र छापलं होतं आणि आमच्या सात वर्षांच्या मुलांनी तितक्याच विचारानं ते आपल्या जगात बसवून टाकलं. चित्रं, घोषवाक्यं, प्रतिज्ञा यांवर माझा फार भरवसा आधीही नव्हता. त्या दिवशी तो आणखी कमी झाला.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, वाडीवर. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक गुरुजी. पट तिशीच्या आसपास. पाऊस बेताचा, बाजरी-ज्वारी, शेरडं-मेंढरं, आणि घरटी एखादा तरी माणूस बाहेर. आमच्या भागातले बरेच पुरुष गलाईच्या धंद्यात. म्हणजे सोनं-चांदी गाळण्याची दुकानं, पार दक्षिणेपर्यंत पसरलेली. ते दिवाळीला आणि यात्रेला येतात. एरवी घर, रान, जनावरं, म्हातारी माणसं सगळं बायकाच बघतात. त्यामुळे ‘स्त्री सक्षम आहे’ हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. रोजच दिसतं.

कागदोपत्री आम्ही मागे नव्हतो. २०२२ च्या शासन निर्णयानुसार, शाळेत मुला-मुलींना सुरक्षित वातावरण मिळावं म्हणून असलेली सखी सावित्री समिती स्थापन झालेली, तिचा फलक दर्शनी भागात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती दणक्यात. त्यांचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं, आणि जोतीरावांचं मूळ गाव कटगुण तर शेजारच्या खटाव तालुक्यात, त्यामुळे जिव्हाळाही आहे. मुली नऊवारी नेसून, आडवी चिरी लावून यायच्या, ‘मी सावित्री बोलतेय’ म्हणून पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणायच्या. १८४८, भिडेवाडा, अंगावर फेकलेलं शेण, सगळं पाठ. मुलं काय करायची? खाली बसून टाळ्या वाजवायची. एखाद्याला पागोटं बांधून जोतीराव करायचो, तो शेवटपर्यंत मख्ख उभा. समानतेचा दिवस मुलींचा आणि मुलं प्रेक्षक, ही व्यवस्था मला पहिल्यापासून खटकत होती. पण कार्यक्रम झाला, फोटो गटावर गेला, की पुढच्या कामाचं पत्र आलेलं असायचं.

भाजीच्या चित्रानंतर मी ठरवलं, आधी मुलांना त्यांचंच घर दिसू दे.

तिसरी-चौथीला अंगणात बसवलं. फरशीवर खडूनं मोठी मोठी वर्तुळं काढली आणि प्रत्येकात एकेक काम लिहिलं : झाडलोट, पाणी भरणं, भांडी, चहा-स्वयंपाक, बारक्या भावंडाला सांभाळणं, शेरडं राखणं, दुकानातून सामान आणणं, खेळ, मोबाईल-टीव्ही. मुलांना मूठभर चिंचोके दिले, मुलींना सीताफळाच्या बिया. आमच्याकडे दोन्ही फुकट. काल घरी जे जे केलं त्या त्या वर्तुळात एक बी टाकायची. बोलायचं काही नाही.

पाच मिनिटांत फरशीवर सगळं उमटलं. झाडलोट, भांडी, चहा-स्वयंपाक या वर्तुळांत सगळ्या काळ्या बिया. भावंडाच्या वर्तुळातही बहुतेक काळ्याच. दुकान, खेळ, मोबाईल इथं तपकिरी चिंचोक्यांचे ढीग. गंमत शेरडांच्या वर्तुळाची. तिथं काळं-तपकिरी अगदी सरमिसळ. रानात जायचं काम मुलीलाही असतं आणि मुलालाही, तिथं कुणी वाटणी केलेली नाही. हे मलाही नवीन होतं.

आणि एक गोष्ट मी बघितली, पण तेव्हा बोलले नाही. चौथीतल्या एका मुलानं भांड्यांच्या वर्तुळात चिंचोका टाकला. शेजारचा फिस्कन हसला. यानं इकडंतिकडं बघितलं, वाकून चिंचोका उचलला आणि चड्डीच्या खिशात टाकला. खेळाच्या वर्तुळातही टाकला नाही, खिशातच ठेवला. नंतर कळलं, त्याची आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते, घरात मुलगी नाही, भांडी तोच घासतो. काम करायची त्याला लाज नव्हती, ते दिसायची होती.

मग बिया मोजल्या. गणिताचा तास तिथंच झाला. चित्रालेख काढले, कुठल्या कामाला किती, फरक किती, जास्त कुणाचे. कागदावर मांडल्यावर चौथीतली एक जण म्हणाली, ‘बाई, ह्यांच्याकडं खेळाला चिंचोके उरले. आमच्या बिया भांड्यातच संपल्या.’ एवढं नेमकं मला प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं. तो तक्ता आम्ही भिंतीवर लावला.

घर आपल्या हातात नसतं, शाळा असते. शाळेतली वाटणी काही वेगळी नव्हती. परिपाठाआधी झाडायचं मुलींनी, रांगोळी मुलींनी, साहेब आले की पाण्याचे ग्लास मुलींनी न्यायचे. घंटा मुलं वाजवणार, बाकडी मुलं उचलणार, किल्ली आणायला मुलगा पळणार. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं आपोआप चाललेलं. हजेरीतसुद्धा आधी सगळी मुलं, त्यांची बेरीज, मग मुली. वरच्या माहितीत मुलगे-मुली वेगळे भरावे लागतात, म्हणून ते सोयीचं पडतं. पण रोज हजेरी घेताना मी आडनावाच्या क्रमानं मिसळून नावं घ्यायला लागले. मुलं दोन दिवस चुकत राहिली, मग सवय झाली. गुरुजींना वाटलं, एवढ्यानं काय होणार. फार काही होत नाहीच. पण रांगा हजेरीच्या क्रमानं लागत असल्यानं रांगा मिसळल्या, आणि रांगा मिसळल्यावर जेवणाच्या पंगतीही मिसळल्या. एकमेकांच्या ताटाशेजारी बसायला नको म्हणून पहिल्यांदा केवढी ओढाताण झाली!

कामवाटप नवीन केलं. मिश्र गट, आठवड्याला काम बदलणार, घंटेपासून झाडूपर्यंत सगळी कामं सगळ्यांना. मुलींना घंटा देताना काहीच अडचण आली नाही. उलट घंटेवरून मुलींची आपसात भांडणं झाली, आणि मला त्यात समाधान वाटलं. झाडूचं मात्र निराळं.

पहिल्या आठवड्यात मुलांनी जे झाडलं त्याला झाडणं म्हणवत नाही. कचरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, धूळ सगळ्यांच्या नाकात. मुलींना ते बघवेना. ‘सर बाजूला, तुला येत न्हाय,’ म्हणून त्या झाडू हिसकावून घ्यायला लागल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मुलं जरा जास्तच वाईट झाडतायत. काम नीट आलं नाही की ते सुटतं, हे आठ वर्षांच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. आजूबाजूची मोठी माणसं बघून ते कळतं.

मग मी सरळ झाडण्याचा तास घेतला. आधी पाण्याचा सडा, तोही हलक्या हातानं. वाऱ्याच्या दिशेनं झाडायचं, उलट नाही. खराटा अंगणाला, केरसुणी खोलीला. भिंतीच्या कडेनं सुरुवात करून मधे यायचं. कचरा उंबऱ्यापाशी गोळा करून लगेच सुपलीत भरायचा, नाहीतर कुणाचा तरी पाय लागतो. हे सगळं मुलींना माहीत होतं, कुणी मुद्दाम न शिकवता. मुलांना ते फळ्यावर लिहून दिल्यासारखं शिकवावं लागलं. नियम दोनच : वाईट झाडलं तर पुन्हा झाडायचं, आणि गटातल्या दुसऱ्या कुणी झाडू हिसकावून घ्यायचा नाही. दुसरा नियम पाळताना मुलींना जास्त त्रास झाला. घाण बघत हात बांधून उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनाही ते शिकावं लागलं.

आठवडाभरातच एक आजी शाळेत आल्या. पायरीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘बाई, आमच्या प्वाराला झाडाय लावता म्हणं?’

‘आजी, सगळीच झाडत्यात. पोरीपण.’

‘पोरींचं निराळं. त्यास्नी जल्मभर त्येच करायचंय.’

‘मग निदान शाळेत तरी थोडं कमी करू द्या की त्यांना.’

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, ह्या बाईला काय समजावणार अशा नजरेनं. ‘घरात दोन सुना हायत,’ म्हणाल्या, ‘आमच्यात प्वारानं केरसुणी धरल्याली न्हाय.’ चहा घेतला आणि गेल्या. त्यांना पटलं नाही. नातू मात्र झाडत राहिला, कारण त्याचा गट त्याला सोडत नव्हता.

त्याच आजी क्रीडास्पर्धेत नात पहिली आली तेव्हा सगळ्यात पुढं होत्या. आमचा तालुका ललिता बाबरचा. मोहीची पोरगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, हे इथं लहान पोरालाही माहीत असतं. मुलगी पळाली, सायकल चालवली, पोलीस झाली की गावाची मान ताठ होते. त्यासाठी मला कुणाशी भांडावं लागलं नाही. मुलीनं मुलांची कामं केली तर ती वर चढली असं लोक धरतात. मुलानं मुलींची कामं केली की तो खाली उतरला. शाळेतल्या समानतेच्या कार्यक्रमांत आपणही बहुतेक पहिलाच अर्धा भाग करतो. तो सोपा आहे आणि फोटोत छान दिसतो.

मुंबईत महापालिकेच्या शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलांबरोबर या विषयावर ‘जेम्स’ नावाचा उपक्रम झाला होता, त्याबद्दल एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. तिथं मुलांशी मारहाण, छेडछाड, शरीरातले बदल यांवरही बोलता येतं. माझ्याकडे सहा ते दहा वर्षांची मुलं. त्यांच्याशी ‘लिंगभाव’ हा शब्द उच्चारूनही उपयोग नाही. त्यांच्याशी झाडू, घंटा, चेंडू आणि खिचडीचं ताट यांतूनच बोलावं लागतं.

मैदानाचं थोडक्यात सांगते. मधली जागा कबड्डीवाल्या मुलांची, कडेला मुली सागरगोटे खेळणार. मी आठवड्यातले दोन दिवस लंगडीचे केले, मिश्र संघ. लंगडीत मुली मुलांना धूळ चारतात. लंगडीमुळे मुलं मुलींना आपल्या संघात मागायला लागली, आणि तिथून कबड्डीत दोघी-तिघी शिरल्या. गुरुजींना हरणाऱ्या संघाला ‘बांगड्या भरा’ म्हणायची सवय होती. एकदा ते तसं म्हणाले आणि नेमक्या जिंकलेल्या संघातल्या तिघींच्या हातांत बांगड्या होत्या. त्यांनी हात वर करून दाखवले. गुरुजी स्वतःच हसले. सवय पूर्ण गेली नाही, पण आता अर्ध्यात थांबतात.

दिवाळीनंतर पालकसभा घेतली, मुद्दाम तेव्हा, कारण गलाईवाले बाप घरी असतात. बियांचा तक्ता भिंतीवर होताच. मी काही भाषण केलं नाही, नुसतं कुठली बी कुणाची ते सांगितलं. पुरुष मंडळी गालात हसत होती. तिसरीतल्या एकाचे वडील तमिळनाडूत दुकानात असतात, ते म्हणाले, ‘बाई, तिकडं आमीच करतो की सगळं. आळीपाळीनं. सहा मानसांच्या चपात्या लाटतो मी.’

मागून त्यांची बायको म्हणाली, ‘आन् हितं आल्यावर पान्याचा तांब्याबी आमीच द्यायचा.’

सभा खदखदली. बायका तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. कारण ते सगळ्यांच्याच घरात होतं. बाहेर राहून स्वयंपाक करणारे आणि गावची वेस ओलांडली की विसरणारे पुरुष प्रत्येक घरात एक तरी.

मी त्यांना पकडलंच. शाळेत या, मुलांसमोर चपात्या लाटा. आधी त्यांनी उडवून लावलं. पण मुलानं धोशा लावला आणि परत जायच्या आदल्या दिवशी ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पोषण आहाराच्या शेडमध्ये परात घेतली, बाह्या वर केल्या, आणि मग त्या माणसाचे हात बोलायला लागले. कणीक मळताना बोटं न चिकटवता परात स्वच्छ ठेवली. गोळा, घडी, तेलाचं बोट, पुन्हा गोळा. पोळी पोळपाटावर आपोआप फिरत होती. आमच्या स्वयंपाकीण मावशी कडेला उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी एवढंच म्हटलं, ‘हात हाय.’ मुलाची छाती फुगली होती. बाप चपाती लाटतो म्हणून फुगलेली छाती मी तरी पहिल्यांदा बघितली.

चौथीतल्या एकीनं विचारलं, ‘काका, तिकडं काकी न्हाय म्हणून करता का?’

‘व्हय,’ ते म्हणाले.

‘आन् हितं?’

त्यांनी तव्यावरची चपाती उलटली. ‘हितं सवय न्हाय.’

खोटं बोलले नाहीत, हे मला आवडलं. ‘आता करीन’ म्हणाले असते तर मुलांनी विश्वास ठेवला नसता.

चिंचोका खिशात टाकणारा तो मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलला. त्याला भात लावता येतो, कुकरच्या किती शिट्ट्या ते माहीत आहे. मग बाकीच्यांच्यात चढाओढ लागली, कुणाला चहा येतो, कुणाला अंड्याची पोळी. त्यातलं निम्मं खोटं होतं, पण खोटं बोलायची दिशा बदलली होती.

आनंद बाजाराचं एक सांगायलाच हवं. दरवर्षी मुलं पाले मांडतात, भेळ, वडे, मेथीच्या जुड्या, लिंबू सरबत. पदार्थ मुलींचे आणि गल्ल्यावर मुलगा, ही रीत. या वेळी गल्ले मुलींकडे दिले. तिसरीतल्या एकीनं उधारी मागणाऱ्या सरपंचांनाही सुट्टे काढायला लावले. भेळ मुलांनी कालवली आणि त्याला कुणाचीच हरकत नव्हती. भेळवाला पुरुषच असतो ना! ढाब्यावरचा आचारी पुरुष, लग्नातला आचारी पुरुष. पैसे मिळतात तिथला स्वयंपाक पुरुषांना चालतो. अडतं ते फक्त घरच्या चुलीपाशी. ही गोष्ट मी मुलांना सांगितली नाही, त्यांच्या वयाला ती जड आहे. पण पालकांशी बोलताना आता हेच उदाहरण देते.

नावाचा उपक्रम मात्र माझ्या अंदाजापेक्षा अवघड निघाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव लिहायचा राज्याचा निर्णय आला : बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. ती बाळं शाळेत यायला अजून अवकाश आहे, म्हणून मी सध्याच्या मुलांना वह्यांवर तसं लिहायला सांगितलं, हौस म्हणून. पहिलीतल्या निम्म्या मुलांना आईचं नाव सांगता येईना. ‘आई’ एवढंच. जी घरून विचारून आली त्यांच्यात आणखी घोळ. एकीनं तीन नावं आणली. आजोळी आईला एका नावानं हाक मारतात, लग्नात नाव बदललेलं, आधारकार्डावर तिसरंच काहीतरी. ‘कुठलं लिहू?’ मी म्हटलं, आईलाच विचार तिला कुठलं आवडतं. दुसऱ्या दिवशी वहीवर माहेरचं नाव होतं, आणि ते आईनं स्वतःच्या अक्षरात घातलेलं होतं.

जमलं नाही असंही बरंच आहे. स्वच्छतागृहाच्या सफाईचा प्रश्न मी अजून मुलांच्या गटांवर टाकलेला नाही, तो निराळाच विषय आहे. सणाच्या दिवशी मुली नटून येतात आणि खेळायला नको म्हणतात, तिथं मी फार ताणत नाही. पाचवीला मुलं मोठ्या गावच्या शाळेत जातात, तिथं रांगा पुन्हा वेगळ्या. तिथल्या एका मुलीनं येऊन सांगितलं, ‘आता झाडायला फक्त आमालाच लावत्यात.’ मी विचारलं, ‘मग तू काय म्हणालीस?’ ‘म्हणाले न्हाय काय. पर आपल्या शाळेतली पोरं झाडाय आली.’ किती दिवस येतील कोण जाणे.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं निम्म्या महिला हव्यात. आमच्याकडे त्या आहेत, पण सह्या करायला बऱ्याचदा मालक येत. गेल्या वर्षापासून गुरुजींनी आणि मी ते बंद केलं. ज्या सदस्य आहेत त्यांनीच यायचं, सभा रानातून परतायच्या वेळी घ्यायची. परवाच्या सभेत पोषण आहाराच्या मदतनीसाची जागा रिकामी झाल्याचा विषय होता. मी म्हटलं, पुरुषालाही विचारा की. अध्यक्ष म्हणाले, ‘अडीच हजार मानधनात कोण पुरुष येतोय?’

‘मग बायका कशा येतात?’

‘त्यास्नी घरचं बघून जमतंय.’

दाराजवळ बसलेल्या एक सदस्य, आजवर सभेत ज्यांचा आवाज मी ऐकला नव्हता, म्हणाल्या, ‘घरचं बघून जमत न्हाय. जमवतो. मानधन वाढवायचा ठराव ल्ह्या, मग बघू कोण येतंय.’

ठराव लिहिला. त्यांनी सही केली, बाकीच्यांनीही केली. पंचायत समितीत दिला आहे, पोच मिळाली, उत्तर यायचं आहे.